घरचा उद्योग आणि बाहेरचे हात



उन्हाळा लागला, की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी वर्षाच्या चटणीची तयारी सुरू होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची बाजारातून येते, उन्हात वाळते, तिचे देठ खुडले जातात, मसाल्याचे जिन्नस तेलावर भाजले जातात. आणि मग डबे भरून हे सारे साहित्य कांडपयंत्रावर, म्हणजे लोकांच्या बोलीत डंकावर, नेले जाते. गृहिणी तेथे स्वतः समोर बसते. मजुरी किलोवर ठरलेली असते. जाताना वजन होते, येताना वजन होते. मिरचीची निवड, जिन्नसांचे प्रमाण आणि भाजण्याची आच या तीन गोष्टी मात्र ती कोणाच्या हाती सोपवीत नाही. कष्टाचे काम बाहेर आणि चवीचे काम घरी, अशी ही साधी वाटणी आहे.

घरगुती उद्योगातील कामाचा काही भाग बाहेरून करून घेणे, ज्याला अलीकडे आउटसोर्सिंग किंवा जॉबवर्क असे म्हणतात, त्याचे सारे शास्त्र या एका उदाहरणात सामावलेले आहे. काय घरी ठेवायचे, काय बाहेर द्यायचे, माप कोणते, दर कोणता आणि पैसे केव्हा द्यायचे, या पाच प्रश्नांची उत्तरे डंकावर बसलेल्या गृहिणीजवळ तयार असतात. परंतु तीच गृहिणी जेव्हा दुसऱ्याचे काम घरी आणून मजुरीने करू लागते, तेव्हा मात्र या पाचांपैकी एकाही प्रश्नाचे लेखी उत्तर तिच्याजवळ बहुधा नसते. प्रस्तुत विषयाचे महत्त्व या विसंगतीत आहे.

एका जोडामागील अनेक हात

कोल्हापूरचे नाव ज्या वस्तूमुळे देशोदेशी गेले, ती कोल्हापुरी चप्पल ही एका कारागिराची निर्मिती म्हणून ओळखली जात असली, तरी वस्तुतः ती अनेक हातांतून गेलेली असते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कातडे कमावणारा एक. तळ, टाच, कान, पट्टा आणि अंगठा यांचे तुकडे कापणारा दुसरा. रापीने कातडे तासून, आरीने भोके पाडून, कातड्याच्याच वादीने तळ शिवणारा तिसरा. चपलेला शोभा आणणारी वेणी आणि पट्ट्यावरील ठशांची नक्षी यांचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात, आणि ते बहुधा घरीच, चूल व मुले सांभाळून केले जाते. शहरातील सुभाषनगर, जवाहरनगर या वस्त्यांत आणि कागल तालुक्यातील कापशीसारख्या गावांत हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकीर्दीत या कारागिरांना उत्तेजन दिले. पुढे राज्य शासनाने १९७४ मध्ये चर्मोद्योग विकास महामंडळाची स्थापना केली. आज ते संत रोहिदास यांच्या नावाने ओळखले जाते.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या महामंडळांना संयुक्तपणे मिळालेले असून त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हे समाविष्ट आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या. त्या वेळी मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता. देशभर नाराजी व्यक्त झाल्यावर कंपनीने या कारागिरीचे ऋण मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. आपल्या कारागिराचे नाव जगाने घ्यावे, ही अपेक्षा न्याय्य होती. मात्र तीच अपेक्षा घराच्या उंबऱ्याच्या आतही लागू केली पाहिजे. चप्पल लाईनीतील दुकानात जोड विकला जातो, तेव्हा दुकानाचे नाव गिऱ्हाइकाला कळते, क्वचित शिवणाऱ्याचेही कळते; वेणी विणणारीचे नाव मात्र कोणत्याही वहीत नसते. वहीत नाव नाही म्हणून दर ठरलेला नाही, आणि दर ठरलेला नाही म्हणून तिच्या कामाला मजुरी न म्हणता हातभार म्हटले जाते.

हुपरीचा तराजू

याच जिल्ह्यात कामवाटपाची एक अधिक शिस्तबद्ध परंपरा हातकणंगले तालुक्यातील हुपरी येथे दिसते. चांदीच्या पैंजणांसाठी आणि इतर दागिन्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. चांदी आटवणे, तार व पट्टी काढणे, कड्या तयार करणे, त्या जोडणे, डाग देणे, घुंगरू लावणे आणि शेवटी चकाकी आणणे, अशा टप्प्यांतून एक पैंजण तयार होते आणि हे टप्पे वेगवेगळ्या घरांत पार पडतात. हुपरीबरोबर आसपासच्या गावांतील कुटुंबेही या कामात गुंतलेली आहेत.

येथे देवाणघेवाणीचा पाया तराजू हा आहे. चांदी वजनाने दिली जाते आणि माल वजनाने परत घेतला जातो. काम करताना कणाकणाने कमी होणारी चांदी, म्हणजेच घट, किती मान्य करायची याचा संकेत ठरलेला असतो. चांदीच्या शुद्धतेची, म्हणजे टंचाची, पारख होते. २०२५ च्या अखेरीस चांदीचा भाव किलोला दोन लाख रुपयांच्या घरात गेला. या भावाने एक ग्रॅम घट म्हणजे दोनशे रुपये होतात. घटीचा नियम तोंडी राहिला, तर ज्याच्या हाती काम आहे त्याची दिवसभराची मजुरी एखाद्या ग्रॅमच्या वादात नाहीशी होऊ शकते. म्हणून भाव वाढला, की जुन्या संकेतांची फेरमांडणी करून ती लिहून ठेवणे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही हिताचे ठरते.

तरीही हुपरीपासून घेण्यासारखा धडा स्पष्ट आहे. ज्या कामात माल मौल्यवान असतो, तेथे मोजमाप आपोआप काटेकोर होते. चामड्याची वेणी, शिवणकाम, लोणचे-पापडाची पाकिटे भरणे अशा कामांत माल स्वस्त असतो आणि श्रम हाच मौल्यवान भाग असतो. तेथे श्रमाचे मोजमाप तितकेच काटेकोर असावयास हवे; पण चांदी मोजण्याची सवय जितकी लवकर लागते तितकी वेळ मोजण्याची लागत नाही.

खर्चीची शिकवण

इचलकरंजीत १९०४ साली यंत्रमाग आला आणि पुढे हे गाव वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र बनले. तेथील अनेक लहान यंत्रमागधारक 'खर्चीवाले' म्हणून ओळखले जातात. सूत व्यापाऱ्याचे, माग स्वतःचा, आणि विणलेल्या कापडावर ठरलेली मजुरी, असा हा व्यवहार असतो. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, यावरून 'पीक' मोजला जातो आणि मजुरी प्रतिपीक इतके पैसे अशी ठरते. समजा, कापड बावन्न पिकांचे आहे आणि दर पाच पैसे आहे. तर एका मीटरला दोन रुपये साठ पैसे मजुरी होते. शाळेतल्या मुलालाही पडताळता येईल असे हे गणित आहे आणि हेच या पद्धतीचे बळ आहे.

तिचा कमकुवत भागही लक्षात घेण्याजोगा आहे. वीजदर वाढला, कामगारांची मजुरी वाढली, मागाचा सुटा भाग महागला, तर तो भार खर्चीवाल्याच्या अंगावर येतो. आणि प्रतिपीक दर वाढवून मिळावा हा प्रश्न त्या शहरात वारंवार उभा राहिला आहे. तात्पर्य, दर केवळ ठरवून भागत नाही. तो पुन्हा केव्हा तपासला जाईल हेही आधीच ठरले पाहिजे.

काम बाहेर देण्यापूर्वीचा हिशेब

आता ज्या घरात उद्योग चालतो, त्या घराच्या बाजूने विचार करू जाता, काम बाहेर देणे नेहमीच लाभाचे असते असे नाही. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एक महिला कांदा-लसूण चटणी तयार करून विकते. आठ तासांपैकी पाच तास ती चटणी तयार करण्यात घालविते आणि तीन तास पाकिटे भरण्यात व चिठ्ठ्या लावण्यात जातात. दिवसाला वीस किलो माल होतो आणि साहित्याचा खर्च वजा जाता किलोमागे तीस रुपये, म्हणजे सहाशे रुपये हाती राहतात. पाकिटे भरण्याचे काम तिने शेजारणीला किलोमागे चार रुपये दराने दिले, तर आठही तास चटणीला मिळून बत्तीस किलो माल होतो. बत्तीस किलोचे नऊशे साठ रुपये, त्यातून शेजारणीचे एकशे अठ्ठावीस वजा जाता आठशे बत्तीस रुपये उरतात. दोनशे बत्तीस रुपयांचा लाभ झाला आणि शेजारच्या घरात मजुरी गेली.

परंतु वाढलेला बारा किलो माल विकला गेला नाही, तर चित्र पालटते. वीसच किलोची विक्री असताना पाकिटांचे काम बाहेर दिले, तर सहाशेतून ऐंशी जाऊन पाचशे वीसच उरतात. मोकळा झालेला वेळ दुसऱ्या कमाईला लागत नसेल, तर काम बाहेर देणे ही सोय ठरते. ते उत्पन्न वाढविण्याचे साधन ठरत नाही. म्हणून आधी मागणी पाहावी, मग वाटणी करावी.

दुसरा विचार कोणते काम द्यावे याचा. ज्या कामावर उद्योगाचे नाव अवलंबून आहे, उदाहरणार्थ मसाल्याचे प्रमाण, चामड्याची निवड, अंतिम तपासणी आणि गिऱ्हाइकाशी संबंध, ते घरीच राहावे. जे काम मोजता येते, दाखवून शिकविता येते आणि परत आल्यावर तपासता येते, ते बाहेर द्यावे. माल खाद्यपदार्थांचा असेल, तर पाकीट कोणीही भरले तरी स्वच्छतेची जबाबदारी पाकिटावर ज्याचे नाव आहे त्याचीच राहते, याचा विसर पडू नये.

सात स्त्रिया आणि ऐंशी रुपये

घराघरांत काम वाटूनही कसब, दर्जा आणि मान या तिन्ही गोष्टी राखता येतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा उद्योग सुरू केला. तोच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नावाने वाढला. तेथील पद्धत अशी, की पीठ मध्यवर्ती ठिकाणी एकाच प्रमाणाने मळले जाते. बहिणी ते वजनाने घरी नेतात, पापड लाटून वाळवितात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात. माल तपासला जातो आणि लाटणावळ मिळते.

बारकाईने पाहिले असता ही डंकावरच्या गृहिणीचीच रीत आहे. चव एका ठिकाणी, श्रम अनेक घरांत, माप जाताना व येताना. फरक इतकाच, की येथे लाटणारी स्त्री संस्थेची सभासद आहे. ती मजुरी घेते आणि नफ्यातही तिचा वाटा असतो. ज्या गावात पंधरा-वीस घरांत एकच काम चालते, तेथे स्वयंसाहाय्य गटांनी काम घेण्याचा व दर ठरविण्याचा अधिकार गटाकडे ठेवला, तर एकट्या स्त्रीला जे मागता येत नाही ते गटाला मागता येते.

नाकारलेला माल आणि थकलेली रक्कम

बाहेर काम करणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा दोनच असतात. पहिली, माल नाकारण्याची. विडी उद्योगात घरी वळून आणलेल्या विड्यांपैकी काही 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी मिळत नाही, हा प्रश्न सोलापूर व निपाणी भागातील स्त्रियांच्या परिचयाचा आहे. त्यावर उपाय असा, की नमुना आधी दाखवावा, दोष कोणता मानला जाईल ते सांगावे आणि तपासणी काम आणणारीच्या समोर करावी.

दुसरी तक्रार थकबाकीची. या बाबतीत कायद्याचा आधार आहे, पण त्याची माहिती थोड्यांनाच असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाने पुरविलेल्या मालाची किंवा सेवेची रक्कम ठरलेल्या दिवसापर्यंत द्यावयाची असते आणि ती मुदत लेखी करारानेही पंचेचाळीस दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. करारच नसेल, तर पंधरा दिवसांची मर्यादा लागू होते. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी उद्योगाची उद्यम नोंदणी आधी झालेली असली पाहिजे. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून तिला शुल्क नाही. काम देणारा वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल, तर कच्चा माल कर न भरता चलनावर जॉबवर्कसाठी पाठविता येतो आणि तो एका वर्षात परत यावा लागतो. हे चलन कारागिराच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. कारण काम कोणी, किती व केव्हा दिले याचा तो पुरावा असतो.

जी स्त्री उद्योजक नसून केवळ मजुरीने काम करते, तिच्यासाठीही कायद्याने दार उघडलेले आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगाराच्या व्याख्येत घेतले होते. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने गृहकामाविषयी स्वतंत्र करार संमत केला. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यात 'घरी बसून काम करणारा कामगार' याची व्याख्या आहे. साधने व कच्चा माल कोणी पुरविला यावर ती अवलंबून नाही. काम दुसऱ्यासाठी आणि मोबदल्याने केलेले असले म्हणजे पुरे. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत अशा स्त्रीला स्वतःच्या नावाने नोंद करता येते.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांचा समावेश असून त्यात चर्मकार व सोनार आहेत. पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, तसेच अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पण एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो. घरात तळ शिवणारा पती आणि वेणी विणणारी पत्नी असेल, तर अर्ज कोणाच्या नावाने जातो हे सांगावयास नको. म्हणून ई-श्रम व गटाची वही येथे तरी तिचे नाव यावे, हे पाहणे अगत्याचे आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

या कामी मोठा निधी किंवा नवी योजना यांची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने गावात घरी बसून मजुरीचे काम करणाऱ्या व्यक्तींची यादी करावी आणि ती ग्रामसभेपुढे ठेवावी. पंचायतीच्या कार्यालयात एक प्रमाणित तराजू ठेवावा, म्हणजे वजनाचा वाद तेथेच मिटेल. उद्यम व ई-श्रम नोंदणीसाठी वर्षातून दोन दिवस मुक्रर करावेत. ज्या अधिकाऱ्यांकडे उद्योगविषयक कामे आहेत, त्यांनी नोंदणीचा आकडा पाहताना त्यात स्त्रियांची नावे किती, हे वेगळे पाहावे.

शिक्षकांकडे दोन कामे येतात. पहिले, सातवी-आठवीच्या गणितात नफा-तोट्याची उदाहरणे देताना गावातील खर्ची, घट व लाटणावळ यांचीच उदाहरणे घ्यावीत. मग घरची वही मुलेच लिहू लागतील. दुसरे अधिक जबाबदारीचे. घरी काम आले, की त्यात मुलांचे हात गुंतण्याचा धोका असतो. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी करणाऱ्या कायद्यात, २०१६ च्या सुधारणेनुसार, कुटुंबाच्या स्वतःच्या उद्योगात शाळेनंतर किंवा सुटीत मदत करण्याएवढीच सवलत आहे, आणि तीही धोक्याच्या कामाला नाही. हजेरीपटावर एखाद्या मुलीची गैरहजेरी पैंजणांच्या किंवा चपलांच्या हंगामात वाढत असेल, तर तिच्या घरी जाऊन चौकशी करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

आणि सर्वांत साधा उपाय म्हणजे कामाची चिठ्ठी. काम देणाऱ्याचे नाव, काम घेणारीचे नाव, दिलेला माल, परत आलेला माल, मान्य घट, दर, पैसे देण्याची तारीख आणि दर पुन्हा तपासण्याचा महिना, अशा आठ ओळी दोन प्रतींत लिहाव्यात. एक प्रत देणाऱ्याजवळ आणि एक घेणारीजवळ राहावी. ओळखीच्या माणसांत लिहून काय घ्यायचे, असा संकोच सुरुवातीला वाटेल. पण लिहिलेल्या व्यवहारात संशयाला जागा राहत नाही आणि ओळख टिकते. डंकावर जाणारी गृहिणी यंत्रवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखते, तरी ती वजन करून घेते. त्यात कोणी अविश्वास मानत नाही.

कोल्हापूरच्या कारागिरीला जगाने नाव दिले आहे. ते नाव ज्या घरांतील हातांनी उभे केले, त्या हातांची नोंद गावाच्या वहीत व्हावी आणि त्यांची मजुरी ठरल्या दिवशी त्यांच्या हाती पडावी, एवढे जरी प्रत्येक पंचायतीने घडवून आणले, तरी घरगुती उद्योगाच्या विकासाचे फार मोठे काम साध्य होईल.